मे महिन्यात पुढचं पुस्तक नको, आधी कौलं परता: पाचवी ते आठवीच्या मुलांची जूनची तयारी

एप्रिल संपत आला की मला दरवर्षी तोच फोन येतो. "टीचर, पुढच्या वर्षाची पुस्तकं कुणाकडे मिळतील काय? मे महिन्यात अर्धं करून टाकतो." मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात पाचवी ते आठवीला गणित शिकवते, बावीस वर्षं झाली, आणि माझं उत्तरही दरवर्षी तेच असतं, की पुढचं पुस्तक राहू दे, गेल्या वर्षीचे तपासलेले पेपर घरात कुठे असतील ते आधी शोधा. हे ऐकून समोरचा माणूस थोडा नाराज होतो. पुढचं पुस्तक उघडलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, मागचे पेपर काढले की फक्त डोकं दुखतं.

पण आपल्याकडे पाऊस लागायच्या आधी कौलं परततात ना, तेव्हा कोणी नवीन माडी चढवत नाही. गेल्या पावसात कुठल्या खोलीत बालदी ठेवावी लागली होती ते आठवायचं, आणि बरोबर तिथेच वर चढायचं. मुलाच्या अभ्यासाचं मे महिन्यात एवढंच काम आहे. शेजारच्या एका मुलाला त्याच्या घरच्यांनी सुट्टीतल्या एका क्लासला घातलं होतं, सहावीतून सातवीत जाताना, महिन्याभरात त्यांनी सातवीच्या गणिताचे पाच धडे "संपवले", आणि जूनमध्ये वर्गात पोराला अर्धा अधिक एक तृतीयांश येत नव्हतं. वर आणि त्याला वाटत होतं की हे सगळं आपलं झालंय, म्हणून लक्षही देत नव्हता. म्हणजे दोन्हीकडून तोटा.

तर मी माझ्या वर्गातल्या पालकांना काय सांगते ते इथे सगळं एकदाच लिहून टाकते.

पहिल्यांदा दिवस मोजा

२०२५ मध्ये आपल्याकडे पहिल्यांदा सहावी ते दहावीचं नवीन वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं, त्यावरून भरपूर आरडाओरड झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, ते सगळं तुम्हाला माहीत आहे. माझं मत विचाराल तर गोव्याच्या एप्रिलच्या उकाड्यात वर्गात बसवणं मला स्वतःला आवडलं नाही. पण त्यातून एक गोष्ट चांगली मिळते, मुलाच्या हातात नवीन वर्गाची दोनतीन आठवड्यांची वही असते. ती वही म्हणजे सोनं आहे, ती दप्तरात कुजत ठेवू नका, पुढे लागणार आहे. पाचवीत जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांची नवी शाळा थेट जूनमध्येच, आणि खरी उडी त्यांचीच असते.

आता मे महिना. एकतीस दिवस दिसतात. त्यातून आजोळी जायचे आठ दिवस काढा, एक लग्न, एक मुंज, गावची जत्रा असेल तर ती, आणि उन्हाने किंवा आंब्यांनी पोट बिघडलेले दोन दिवस. उरतात वीस धरा. रोज पन्नास मिनिटं म्हटली तर वीस गुणिले पन्नास, हजार मिनिटं, म्हणजे साडेसोळा तासांच्या आसपास. एवढंच. हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावा, कारण मग आपोआप कळतं की साडेसोळा तासात सातवीचं पुस्तक होत नाही, पण दोन भोकं मात्र पक्की बुजतात. आणि रोजची पन्नास मिनिटं एकदमच हवी असं नाही, सकाळी पेज पिऊन झाल्यावर अर्धा तास आणि संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी वीस मिनिटं, हे जास्त चालतं. दुपारचे दोन ते चार कोणाच्याच डोक्यात काही शिरत नाही, तेव्हा झोपू द्या.

सुट्टी लागल्यावर पहिला आठवडा काहीही करू नका, आजोळचे आठ दिवस तेव्हाच धरा. खरंच काही नको. आंबे खाऊ दे, झाडावर चढू दे.

पेपर काढा आणि मार्कांकडे बघू नका

वर्षभराचे तपासलेले पेपर आणि वह्या घेऊन मुलाच्या शेजारी बसा (समोर नाही, समोर बसलं की कोर्ट होतं) आणि प्रत्येक चुकीवर एक खूण करा. घाईची चूक असेल तर टिंब, म्हणजे बेरजेत हातचा विसरला, स्पेलिंग उलटं झालं. येतच नव्हतं तिथे फुली. आणि तिसरी खूण फार महत्त्वाची, गोल. उत्तर येत होतं पण प्रश्न काय विचारलाय तेच कळलं नाही. ही तिसरी जात पालकांना कधी दिसत नाही, आणि आमच्याकडे मराठी प्राथमिक शाळेतून इंग्लिशात गेलेल्या मुलांच्या पेपरात मला सगळ्यात जास्त तीच दिसते.

टिंबांकडे दुर्लक्ष करा, ती वयाने जातात. फुल्या आणि गोल मोजा. जिथे सगळ्यात जास्त, ते एक नंबरचं भोक. दुसरं घ्या, तिसरं घेऊ नका, साडेसोळा तास लक्षात आहेत ना.

गणित: अर्ध्या कागदावर दहा प्रश्न

पेपर नाही सापडले तरी हे करता येईल. अर्धा कागद घ्या आणि हे दहा लिहून द्या, वेळ लावू नका. सात आठे किती, सहा नवे किती, बारा साते किती, हे तीन मिळून एक प्रश्न. मग ४०२ × ६. मग १००० − ३४७. मग ९१२ ÷ ३. मग १/२ + १/३. ३/४ मोठा की २/३. ०.५ मोठा की ०.३५. ४ − ९. तीन पेनं ४५ रुपयांना तर पाच कितीला. आणि शेवटचा, ८ मीटर लांब ५ मीटर रुंद अंगणाला कुंपण किती मीटर लागेल आणि फरशी किती चौरस मीटर. सातवी आठवीत जाणाऱ्याला सगळे यायलाच हवेत, सहावीत जाणाऱ्याला ४ − ९ सोडून, आणि पाचवीत जाणाऱ्याला पहिले चार आले आणि पेनांचं तोंडी सांगता आलं तरी पुरे.

बरोबर किती आले ते सोडा. चुकीचं उत्तर नीट बघा, ते बोलतं. ९१२ ÷ ३ चं उत्तर ३४ आलं असेल तर मुलाला भागाकार येतो, दशकाच्या जागी शून्य लिहायचं असतं हे कळलेलं नाही, म्हणजे भोक भागाकारात नसून तिसरीच्या एकक दशक शतकात आहे. आता तुम्ही पन्नास भागाकार करून घेतले तरी काही होणार नाही. नोटा घेऊन बसा, नऊ शंभराच्या, एक दहाची, दोन एक रुपयाची नाणी, तिघांत वाटायला सांगा. दहाची नोट तिघांना जात नाही, मोडून तिची दहा नाणी करावी लागतात, तिथेच ते शून्य येतं आणि ३०४ होतात. पंधरा मिनिटांचं काम.

१/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिलं तर वरचे वर आणि खालचे खाली मिळवले. हे इतकं कॉमन आहे की मी आता हसते. रागावण्याऐवजी एवढंच विचारा, अर्धी पोळी जास्त की पाच तुकड्यांतले दोन? अर्धी जास्त, हे त्याला कळतं. मग विचारा, अर्ध्यात तू अजून काहीतरी घातलंस आणि ते अर्ध्यापेक्षा कमी झालं, कसं काय? इथे पोरं गप्प होतात आणि स्वतःच डोकं खाजवतात, ती गप्प बसलेली दोन मिनिटं मला दहा उदाहरणांपेक्षा बरी वाटतात. मग कागदाची पट्टी घ्या, दुमडून सहा भाग करा, अर्ध्यात तीन येतात, तृतीयांशात दोन, झाले पाच सहांश.

अपूर्णांकांसाठी आपल्या भाषेत तर खजिना पडलाय, आणि आपण तो वापरत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. पाऊण तास म्हणजे किती मिनिटं हे सहावीच्या पोराला झोपेत विचारा, पंचेचाळीस सांगेल, पण ३/४ × ६० बघितलं की घाम फुटतो. दोन्ही एकच आहे हे कोणीतरी सांगायला हवं. (पोदेराचा, म्हणजे बेकरीवाल्याचा, पाव आणि हा पाव वेगळा, हेही एकदा सांगा, कारण मला वर्गात एकाने अगदी मनापासून विचारलं होतं की पाव किलो म्हणजे एक किलोचा पाव काय.)

०.३५ मोठा म्हणाला तर त्याला ३५ आणि ५ दिसताहेत. किचनमधला वजनकाटा काढा. अर्धा किलो म्हणजे ५०० ग्रॅम म्हणजे ०.५ किलो, आणि ०.३५ किलो म्हणजे ३५० ग्रॅम, तांदूळ घालून दाखवा. ४ − ९ चं उत्तर ५ दिलं तर विहिरीचा कठडा शून्य धरा, चार हात वर टांगलेली कळशी नऊ हात खाली सोडली तर कठड्याच्या किती खाली गेली. पाच खाली. त्या "खाली"लाच वजा म्हणतात. कुंपण आणि फरशीत गोंधळ झाला तर सरळ अंगणात नेऊन काठाकाठाने चालवा, २६ मीटर चालून होईल, मग आतल्या एकेका मीटरच्या फरश्या मोजायला लावा, ४०.

पाढे मात्र घोकायचेच. मला माहीत आहे आजकाल घोकणं वाईट समजतात, पण सहावीत लसावि काढताना जो पोरगा सात आठे छपन्न आठवत बसतो त्याचं डोकं तिथेच दमून जातं. रोज पाच मिनिटं, वीसपर्यंत नको, बारापर्यंत पक्के, तेही उलटसुलट विचारून.

आणि पुरुमेंत! मे महिन्यात प्रत्येक घरात पावसाळ्याची बेगमी चालू असते, मिरच्या, सोलं, चिंच, मीठ, कुळीथ, सुकं नुस्तं म्हणजे सुकी मासळी. ही यादी यंदा मुलाकडे द्या. घरात चार महिन्यांत मिरची किती लागते, किलोचा भाव काय, एकूण किती होतील याचा अंदाज त्याने आधी लिहायचा, मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बरोबर न्यायचं, भाव त्याने विचारायचा, सुट्टे पैसे त्याने मोजायचे, आणि घरी येऊन अंदाज किती चुकला ते काढायचं. सातवी आठवीवाल्याला शेकडेवारी शिकवायला सोलं झकास आहेत. कोकमाच्या ताज्या साली वजन करून उन्हात घालायच्या, रोज संध्याकाळी वजन करून लिहायचं, वाळून किती टक्के उरली. आमच्या घरी माझ्या मुलीने हे केलं तेव्हा आजीला धक्काच बसला की आपण एवढं पाणी वाळवत होतो. त्याचा वहीत ग्राफ काढला की आठवीचा तो धडाही अर्धा झाला, आणि पुस्तक उघडलंच नाही.

"म्हाका येता, पूण इंग्लिशांत कळना"

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. गोव्यातल्या खेड्यापाड्यातली मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम गणित, सायन्स, सगळं इंग्लिशात. बाहेरच्या लोकांना हे सांगितलं तर पटत नाही. हुशार पोर जूनमध्ये एकदम मुकं होतं, आणि घरचे म्हणतात हायस्कूलच्या वाऱ्याला लागल्यावर बिघडलं. बिघडलं नाही हो. त्याला अपूर्णांक येतो, फ्रॅक्शन येत नाही.

पाचवी सहावीत जाणाऱ्या मराठी शाळेच्या मुलासाठी साडेसोळातले निदान आठ तास इथे घाला, गणिताच्या भोकांपेक्षाही आधी. एक लांब वही घ्या, पानाच्या मध्ये रेघ मारा, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्लिश शब्द त्याच्या स्पेलिंगसकट, आणि खाली एक छोटं चित्र किंवा उदाहरण. अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, बेरीज सम, गुणाकार प्रॉडक्ट, भागाकार कोशंट, बाकी रिमेंडर, परिमिती पेरिमीटर, बाष्पीभवन इव्हॅपोरेशन, प्रकाशसंश्लेषण फोटोसिंथेसिस, अक्षांश लॅटिट्यूड. रोज पाच शब्द, वीस दिवसांत शंभर. शंभर शब्दांवर पाचवीचा पहिला टर्म बऱ्यापैकी निघून जातो, हे मी अनुभवाने सांगते.

यातही फसवे शब्द वेगळे काढा. डिफरन्स म्हणजे फरक हे मुलाला टीव्हीवरून माहीत असतं, गणितात मात्र ते वजाबाकीचं उत्तर. प्रॉडक्ट म्हणजे दुकानातली वस्तू, गणितात गुणाकार. सोल्यूशन गणितात उत्तर, सायन्समध्ये द्रावण. सेल म्हणजे बॅटरीचा सेल, जीवशास्त्रात पेशी. आणि सगळ्यात दुष्ट, हाऊ मेनी मोअर. मोअर म्हणजे जास्त, म्हणून पोरं बेरीज करतात. रमेशकडे १२ आंबे, सीताकडे ७, हाऊ मेनी मोअर, उत्तर १९. दरवर्षी निम्मा वर्ग १९ लिहितो, आणि मराठीत "किती जास्त" विचारलं की तोच वर्ग पाच म्हणून ओरडतो.

सातवी आठवीवाल्यांसाठी प्रश्नाची क्रियापदं घ्या. डिस्क्राइब म्हणजे कसं आहे ते सांग, एक्सप्लेन म्हणजे का ते सांग, कम्पेअर म्हणजे दोघांचंही सांग, एकाचं नाही, गिव्ह रीझन्स म्हणजे "कारण" असं येणारं वाक्य हवंच. करायचं कसं, तर एप्रिलची वही किंवा जुना पेपर घ्यायचा, प्रश्न मोठ्याने इंग्लिशात वाचायचा, क्रियापदाखाली रेघ, मग "म्हणजे मला काय विचारलंय" ते मराठीत किंवा कोंकणीत सांगायचं, उत्तरही पहिल्यांदा आपल्याच भाषेत, आणि मग तोडक्यामोडक्या इंग्लिशात लिहायचं. आईला इंग्लिश येत नसेल तरी चालतं, उलट बरं, मुलाला समजावून सांगावं लागतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई काजूच्या कारखान्यात कामाला आहे, ती रोज रात्री फक्त "म्हणजे काय गे?" एवढंच विचारायची. त्या मुलीची वही अजून माझ्याकडे आहे, नवीन मुलांना दाखवायला.

जी मुलं पहिलीपासून इंग्लिश शाळेत आहेत त्यांचं भोक उलटं असतं, मराठी किंवा कोंकणी वाचताना जोडाक्षरांवर अडखळतात. त्यांना कदंबा बसच्या पाट्या, पेपरचे मथळे, आणि घरात भजनाचं पुस्तक असेल तर आजीबरोबर रोज एक अभंग मोठ्याने. बाकी काही लागत नाही.

वाचन थोडक्यात

रोज वीस मिनिटं, मुलाने स्वतः निवडलेलं पुस्तक, आणि वाचल्यावर प्रश्न विचारायचे नाहीत. पणजीला पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा वेगळा विभाग आहे, ही लायब्ररी १८३२ सालची, पोर्तुगीजांच्या वेळची, हे मुलाला सांगितलं की जरा रुबाबात आत जातं. एवढ्या लांब रोज जाता येत नाही, तर जवळपासचं वाचनालय बघा. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, पण ती या वीस मिनिटांत नको, गोष्टीच हव्यात. लिहिणं म्हणाल तर रोज सहा ओळी, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्लिश, आज काय खाल्लं आणि कोणाशी भांडण झालं एवढंही चालेल, लाल पेन लावू नका.

सायन्स आणि भूगोल घराबाहेर

सुट्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मे महिन्याच्या पहिल्या दोनतीन दिवसांत गोव्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, कारण आपण साडेपंधरा उत्तर अक्षांशाच्या आसपास आणि सूर्यही तेव्हा तिथेच असतो. अंगणात काठी सरळ रोवा, बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सावली जवळजवळ नाहीशी होते, पण बारा वाजता नाही, साधारण साडेबाराला. का? आपलं घड्याळ ८२.५ पूर्व रेखांशावर चालतं, आपण ७३.८ च्या आसपास, एका अंशाला चार मिनिटं, करा गुणाकार. ३५ च्या आसपास येतं आणि काठीवर दोनतीन मिनिटं इकडेतिकडे होतात, तो फरक का ते आठवीवाल्याला शोधू दे. सहावीला अक्षांश रेखांश पाठ करून जे होत नाही ते या काठीने होतं. तारीख हुकली तरी मे महिन्यात कधीही करा, सावली छोटी असते आणि वेळेचं गणित तेच राहतं.

जवळ खाजन शेती (खाडीकाठची, बांध घातलेली सखल शेती) असेल तर बांधावरचं मानस, म्हणजे पाण्याचं दार, दाखवा, भरतीचं पाणी आलं की दार आपोआप बंद आणि ओहोटीला उघडं, ना मोटर ना वीज. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, चार दिवस लागोपाठ घड्याळ लावून बघितलं की चंद्राचा धडा आपोआप येतो. काजूच्या बोंडूला खाली लटकलेली बी, तेच खरं फळ आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ, हे तर अर्ध्या पालकांनाही ठाऊक नसतं. मिरामारच्या सायन्स सेंटरला एक दिवस जा, एकच, आणि घाई करू नका, दोन वस्तूंपुढे तासभर घालवला तरी पैसे वसूल.

इतिहास नागरिकशास्त्राला दोन तारखा याच दिवसांत पडतात. ३० मे, १९८७ साली गोवा राज्य झालं तो दिवस, आणि शाळा सुरू झाल्यावर लगेच १८ जून, क्रांती दिन, १९४६ ची मडगावची लोहियांची सभा. पणजोबा पणजी कोणी हयात असतील तर पोर्तुगीज राजवटीतल्या शाळेबद्दल त्यांना विचारायला पाठवा, फोनवर रेकॉर्ड करा. पुढे प्रोजेक्टला हमखास लागतं आणि आपल्याकडे राहतंही.

पोहण्याचं एक सांगते, मधेच आठवलं म्हणून. मोठी माणसं बरोबर नसताना नदीत आणि चिऱ्याच्या जुन्या खाणीत साचलेल्या पाण्यात पाठवू नका, ते पाणी शांत दिसतं आणि खोल असतं.

दप्तराबाहेरची तयारी

डोळे तपासा. प्लीज. मागच्या बाकावरचा "लक्ष नसलेला" मुलगा बऱ्याच वेळा फळा न दिसणारा मुलगा असतो, आणि तो कधी सांगत नाही कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच धुरकट दिसतं. जवळच्या आरोग्य केंद्रात मे महिन्यातच दाखवून घ्या, जूनमध्ये पाऊस लागला की ते राहतं ते राहतंच.

पाचवीत गेल्यावर एका टीचरच्या जागी सहासात टीचर येतात, प्रत्येकाची वेगळी वही, वेगळा स्वभाव. घरीच टाइमटेबल बघून दप्तर भरायची सवय लावा. खोटं टाइमटेबल बनवा आणि पाच दिवस रात्री त्याने भरायचं, तुम्ही हात लावायचा नाही. दुसऱ्या गावच्या शाळेत बसने जाणार असेल तर एक दिवस त्याच वेळेला त्याच बसने जाऊन या, कुठे उतरायचं, बस चुकली तर कोणाच्या घरी थांबायचं, कोणाला फोन करायचा.

मुलगी पाचवी सहावीत जात असेल तर पाळीबद्दल आताच बोला, आई, मावशी, कोणीही, पण शाळेत अचानक झालं आणि काही माहीतच नव्हतं असं होऊ देऊ नका. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक छोटी पिशवी, दोन पॅड, एक जादा चड्डी, आणि कुठल्या टीचरकडे जायचं ते ठरवून. मुलग्यांनाही हे काय असतं ते सांगा, म्हणजे वर्गात चेष्टा करणार नाहीत. बाबांनी सांगितलं तर फार बरं.

मोबाइलवर मी उपदेश करणार नाही, माझ्याच घरात भांडण आहे. आमचा नियम एकच, रात्री नऊला सगळ्यांचे फोन देवघराबाहेरच्या टेबलावर, माझाही. माझाही हे महत्त्वाचं.

शेवटचे दहा दिवस

मेच्या वीसबावीसपासून झोप मागे आणायला सुरुवात करा, एकदम नाही, दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटं. अकराला झोपणारं पोर जून लागेपर्यंत पावणेदहाला येतं. एप्रिलची वही काढा, जे अर्धवट आहे ते मुलाने स्वतः पूर्ण करायचं, आणि आता, अगदी आता, पुढच्या पुस्तकाचा फक्त पहिला धडा चाळला तर चालेल. सोडवायचा नाही, चित्रं आणि मथळे बघायचे, कुठले शब्द नवीन आहेत ते दोन रकान्यांच्या वहीत घालायचे.

पुस्तकांना कागदाच्या कव्हरवर प्लॅस्टिक घालाच, रेनकोट मोठा घ्या म्हणजे दप्तरावरून येतो, आणि छत्रीवर नाव पेंटने लिहा, मार्करने लिहिलेलं पहिल्या आठवड्यात जातं. आणि पाऊस मोजायची बाटली करून ठेवा, आपल्याकडे साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतोच. उभ्या भिंतीची प्लॅस्टिकची बाटली कापायची, वरचा भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा, बुडाच्या खड्ड्यांत थोडं पाणी घालून तिथे शून्य धरायचं आणि पट्टी चिकटवायची. बाटलीची जाडी वर खाली सारखी असेल तर पट्टीवर जेवढे मिलिमीटर तेवढाच पाऊस, बाटली लहान असो की मोठी, आणि असं का, हे मुलाला आठवडाभर विचार करू दे, सांगू नका. रोज सकाळी आठला वाचायचं आणि वहीत लिहायचं.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी तेच दहा प्रश्न परत द्या, आकडे बदलून. मेमधला अर्धा कागद आणि हा, दोन्ही एकत्र पिना. जे अजून चुकतंय त्याच्यावर गोल करून पहिल्या आठवड्यात वर्गाच्या टीचरना नेऊन द्या, "टीचर, इथे अजून अडतं" एवढं सांगून. आम्हाला ते कळायला नाहीतर पहिल्या युनिट टेस्टपर्यंत थांबावं लागतं.